खिशातले तीन फ्यूज

पहिल्या आठवड्यातच मी साहेबांच्या केबिनमधली घंटा दुरुस्त केली. दुरुस्त केली म्हणजे, बटण दाबलं की ती बंद व्हायची आणि सोडलं की वाजायची. साहेब अर्धा तास बटणावर अंगठा दाबून बसले होते म्हणे, कारण सोडला की अख्खा मजला कानावर हात ठेवायचा. शेवटी शिपायाला बोलवायचं कसं असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी त्याला दुसऱ्या हातानं फोन केला.

हे थोडं रंगवलेलं आहे. मी माझ्या सगळ्याच चुका रंगवून सांगतो, लोक हसतात, आणि चहा कोणीतरी दुसराच सांगतो. फक्त एक चूक मी कारखान्यात जशी सांगतो तशी ती घडलेली नाही. ती इथं घडली तशी लिहितो.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. बारावीत गणित काही मला सोडेना तेव्हा बाबांनी मला आयटीआयला घातलं, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. दोन वर्षं लाकडी फळीवर बल्ब पेटवले. मग अंबरनाथ पूर्वेच्या एमआयडीसीत एका रेझिनच्या कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली. रेझिन म्हणजे रंगात घालतात तो चिकट माल. गरम असताना मधासारखा वाहतो आणि थंड करायला वेळेवर पाणी मिळालं नाही तर भांड्यातच दगड होतो. वर्ष संपलं की परीक्षा, परीक्षेनंतर सर्टिफिकेट. ते हातात येईपर्यंत आपण इलेक्ट्रिशियन नाही, नुसता पकड घेऊन फिरणारा इसम.

आम्ही दोघं अप्रेंटिस होतो. माझा जोडीदार उल्हासनगरचा, मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपवणारा. आणि आम्हा दोघांना ज्यांच्या हवाली केलं होतं त्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा.

मामा पालेगावचे. त्यांच्या भाताच्या शेतावर आता एक सोसायटी उभी आहे. शेत होतं तिथं नेमकं पार्किंग आलंय आणि पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचतं. सोसायटीवाले नगरपालिकेच्या नावानं ओरडतात. मामा म्हणायचे, "जमिनीला सवय हाय ती. तिला कंला बोलता?" वयानं ते केव्हाच रिटायर झाले होते. पण कारखान्यातली अर्धी वायरिंग कागदावर नव्हती, मामांच्या डोक्यात होती, म्हणून दर वर्षी मेअखेर त्यांना आणखी एका वर्षाचं पत्र मिळायचं. त्या पत्राची ते वाट बघायचे. दाखवायचे नाहीत, पण मे उजाडला की ऑफिसच्या बाजूचे दिवे त्यांना उगाच तपासावेसे वाटायचे. "घरी बसून काय करू?" म्हणायचे. "खिडकीतून पार्किंग बघू?"

शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे आधी चूक करू द्यायची. मला पहिला शॉक बसला तेव्हा ते शेजारीच उभे होते. कोपरापर्यंत हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण माझा वाटत नव्हता. मामांनी विचारलं, "झिणझिण्या येतात?"

"येतात."

"मग बरं हाय. काहीच लागत नाय ना, तेव्हा घाबरायचं."

आणि त्यांचा एक नियम होता. कारखान्यात सेफ्टीचा एक फलक लावलेला होता, त्यावर मशीनला घालायच्या लाल कुलपांची रंगीत चित्रं. कुलपं कपाटात होती आणि कपाटाची चावी कोणाकडेच नव्हती. मामांचं कुलूप म्हणजे खिसा. ज्या मोटरवर काम करायचं तिचे पॅनेलमधले तिन्ही फ्यूज उपटायचे, चिनीमातीचे, पांढरे, मुठीत मावतील एवढे, आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. काम झालं की ज्यानं काढले त्यानंच लावायचे. दुसऱ्या कोणी नाही. स्टोअरमध्ये तसले फ्यूज खोकंभर पडलेले असायचे, तरी नाही.

"तीन घरं रिकामी दिसली," मामा म्हणायचे, "की समजायचं माणूस मोटरवर हाय. माणूस डोळ्यानं दिसत नाय तोवर दुसरा फ्यूज हातात धरायचा नाय. साहेब येऊ दे, साहेबाचा साहेब येऊ दे."

हे मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती, लाल पेनानं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी संध्याकाळी माझ्या आतेभावाची हळद होती. आमच्या ग्रुपनं ठरवलेलं, वर पिवळा कुर्ता, खाली काळी जीन्स. कुर्ते आले होते. जीन्स उल्हासनगरला, कॅम्प पाचला घ्यायची होती, आणि तिथला उंची कमी करून देणारा शिंपी पाचला मशीन झाकून उठायचा. माझी शिफ्ट साडेतीनला सुटणार, पुढे तासभराचा रस्ता. माझ्या पायांची लांबी आणि बाजारात मिळणाऱ्या जीन्सची लांबी यांचं कधी जमलेलं नाही, त्यामुळे शिंप्याशिवाय हळद अशक्य होती.

दुपारी दोनला मामांनी सांगितलं, "कूलिंग टॉवरचा पंखा आवाज करतोय. वर जाऊन मोटरचं टर्मिनल बघ. ढिलं असंल."

कूलिंग टॉवर म्हणजे दोन मजली उंच पिंजरा. वर पंखा, मध्ये जाळ्या, खाली कमरेएवढ्या पाण्याची टाकी. रेझिनच्या भांड्याभोवती फिरून गरम झालेलं पाणी इथं थंड होतं. मी नियमानं तिन्ही फ्यूज काढले, पँटच्या खिशात टाकले, शिडी चढलो, टर्मिनल आवळलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. खाली उतरलो तेव्हा अडीच झाले होते आणि माझ्या डोक्यात फक्त काळी जीन्स होती. हेल्मेट वर राहिलं. फ्यूज खिशात राहिले.

जोडीदाराला म्हटलं, "माझं कार्ड साडेतीनला पंच कर."

"तू कुठे चाललास?"

"कॅम्प पाच."

"मेरे लिए भी देख ना, बत्तीस कमर."

मागच्या गेटनं मालाचा टेम्पो बाहेर पडत होता. मी त्याच्या पलीकडच्या अंगानं चालत, वॉचमनला न दिसता, रस्त्यावर आलो. मला त्या वेळी स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं, हे लिहायलाच हवं.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, दोन्हीकडे छतापर्यंत जीन्स. मालक सिंधी, गल्ल्यावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाची कंबर नजरेनं मोजणारा. कपडे घालून बघायला मागे एक पडदा. ग्रुपमधले बाकीचे यायचे होते. मी पडद्यामागे जाऊन युनिफॉर्मची पँट उतरवली, झटकली, आणि लादीवर खण्णकन आवाज झाला.

"अरे साईं," बाहेरून मालक, "कप-बशी लेके आया है क्या?"

मी खाली बघितलं. दोन फ्यूज माझ्या पायाशी पडले होते. आपण कोणत्या अवस्थेत आहोत, एक पाय जीन्समध्ये आणि एक बाहेर, याचं मला अजिबात भान राहिलं नाही. मी ते दोन उचलले आणि नुसता बघत राहिलो.

मग बॅगेतला फोन काढला. कारखान्यात फोन सायलेंट ठेवावा लागतो, तो तसाच राहिला होता. जोडीदाराचे चौदा मिसकॉल. लावला.

"अबे तू किधर है?" तो कुजबुजत होता. "इकडे सगळं बंद आहे. पंखा सुरू होईना म्हणून मामांनी पॅनेल उघडलं. तीनों फ्यूज गायब. वर चढले तर तुझं हेल्मेट. आणि कार्ड तो अंदर का ही दिखा रहा है, मी पंच केलंच नाही, डर गया. मामा म्हणतायत पोरगा जाळीतून खाली पडला. वो टाकी खाली करवा रहे हैं."

"पाणी सोडलं?"

"अभी नहीं. साहेब नको म्हणतायत, आत बॅच आहे, पाणी काढलं तर माल जाईल. साहेब म्हणतात दुसरे फ्यूज लावा. मामा कोणाला हात लावू देत नाहीत. मैं क्या बोलूँ?"

त्यानं मामांना एकच वाक्य सांगायचं होतं. तो बाहेर आहे, बरा आहे, एवढंच. मामा थांबले असते, पाणी टाकीत राहिलं असतं, माल वाचला असता. त्यासाठी जोडीदाराला कबूल करावं लागलं असतं की त्याला सगळं माहीत होतं, आणि मला कबूल करावं लागलं असतं की मी ड्युटी सोडून पँट घ्यायला गेलो. अप्रेंटिसला त्यासाठी काढतात. मग परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही.

मी म्हणालो, "कोणाला काही बोलू नको. मी येतोच दहा मिनिटांत."

कॅम्प पाचहून अंबरनाथ पूर्वेची एमआयडीसी दहा मिनिटांवर नाही. शनिवारी दुपारी तर नाहीच. रिक्षा पुलाच्या तोंडाशी अडकली. पुढे एका टेम्पोवाल्याचं आणि हातगाडीवाल्याचं भांडण चाललं होतं आणि दोघांचंही बरोबर होतं. मी फोन हातात धरून बसलो होतो. परत लावता आला असता. अंगठा स्क्रीनवर होता. भीती वाटत होती असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "तब्येत ठीक आहे ना, भाऊ?" मी म्हणालो, "हो, का?"

मागच्या गेटवर वॉचमन नव्हता, तोही टाकीकडे गेलेला. मी कंप्रेसर रूमच्या आडून आत शिरलो आणि तिथंच मला ती युक्ती सुचली. कंप्रेसरच्या मागे एक बोळ आहे, गार, अंधारा. तिथं लोक दुपारी पाठ टेकतात हे सगळ्यांना माहीत होतं. मी डोळे चोळले, केस विस्कटले, आणि बाहेर आलो.

टाकी रिकामी झाली होती. तळाशी हिरवा चिखल होता आणि त्या चिखलात मामा उभे होते, पँट मांडीपर्यंत वर दुमडलेली. पायानं चाचपडत ते एक एक पाऊल पुढे टाकत होते. मी बराच वेळ बघत होतो. ते पाय कसे टाकत होते ते मला अजून करून दाखवता येईल. भातात पाय टाकतात तसे. रोपावर पडू नये म्हणून.

कोणीतरी ओरडलं, "अरे तो बघा!"

मामांनी वर बघितलं. टाकीच्या कठड्यावर हात टेकून खाली बसले, चिखलातच. मग म्हणाले, "लागलं काय रे बाला?"

"नाही."

"कुठं होतास?" हे साहेब. प्रॉडक्शनचे साहेब, घंटावालेच.

"कंप्रेसरच्या मागे, साहेब. डोळा लागला."

साहेब माझ्याकडे न बघता मामांकडे वळले. "मामा, तुम्ही म्हणालात कंप्रेसर रूम बघितली."

मामा माझ्याकडे बघत होते. खालून वर, पायांपासून. नजर पँटवर थांबली, मग चेहऱ्यावर आली.

"बघितली होती," ते म्हणाले.

"दोनदा?"

"दोनदा." मग ते म्हणाले, "अंधार असतो तिथं. नाय दिसला. वय झालं आथा."

मी तिथंच होतो. दीड हातावर. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. मी खिशातून फ्यूज काढून पुढे केले. मामांनी चिखलाच्या हातानं घेतले, मोजले.

"तिसरा?"

"पडला असेल कुठेतरी."

तिसरा स्टोअरमधून आणला. पंखा सुरू झाला. पण भांड्यातला माल तोवर गेला होता. पुढचे आठ दिवस मी छिन्नी-हातोडा घेऊन त्या भांड्यात बसलो होतो आणि रेझिनचे तुकडे पाडत होतो. आतून आवाज घुमायचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तरी कानात काही शिरायचं नाही. लोकांचे ओठ हलताना दिसायचे. ते बहुतेक मला हसत होते. तोवर माझं नाव पडलं होतं, कंप्रेसर.

त्या रात्रीच्या हळदीला मी जुनी निळी पँट घालून गेलो. नाचलोही. व्हिडिओ आहे.

सोमवारी ऑफिसमध्ये बोलावलं. साहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, मराठीत समजावून सांगितलं. अप्रेंटिस कामावर झोपला होता, त्याला शेवटची ताकीद. फ्यूज काढून ठेवल्यामुळे काम थांबवलं ते नियमाला धरून होतं. परंतु माणूस शोधताना इलेक्ट्रिशियनच्या नजरेतून तो दोनदा सुटला, सबब त्यांची नेत्रतपासणी करण्यात यावी. "बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "हो साहेब." सही केली. मराठीत केली, मग त्यांनी इंग्रजीतही करायला सांगितली, तीही केली.

कारखान्याचा डॉक्टर गुरुवारी येतो. पुढच्या आठवड्यात त्यानं मामांना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मामा वरच्या तीन ओळी वाचून थांबले म्हणे. खालचं दिसत नाही म्हणाले. त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये मी फ्यूज वायरचं रीळ शोधत होतो. मामा बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "ते नको, ते पंधरा अँपियरचं. त्याच्या मागचं घे, दहाचं." रिळावरचे आकडे मुंगीएवढे असतात. मी मागचं घेतलं. दहाचंच होतं. ते माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे काही विचार केला नाही. विचार करायला पाहिजे असं वाटलं होतं, पण वाटण्याच्या पुढे गेलं नाही.

महिना संपायला बारा दिवस होते. रोज सकाळी शिडी, पकड, टेस्टर घेताना मी ठरवायचो की आज ऑफिसमध्ये जाऊन सांगायचं. रोज दुपारपर्यंत ते उद्यावर जायचं. मामा माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, शिकवायचे, माझ्या वहीवर सही करायचे. त्या शनिवारच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "कूलिंग टॉवर मोटर. टर्मिनल आवळले. काम चांगले." खाली सही.

मेअखेर त्यांना पत्र आलं नाही. शाल, नारळ, वेफर्स, समोसे. साहेबांनी भाषणात म्हटलं की मामांचं हृदय तरुण आहे पण डोळ्यांना विश्रांती हवी. सगळे हसले. मामाही हसले. मी टाळ्या वाजवल्या. हात एकमेकांवर आपटत होते, एवढं कळत होतं.

जूनमध्ये कधीतरी जोडीदार म्हणाला की त्याला बत्तीस कमरेची जीन्स हवीच आहे, दुकान दाखव. दुकानात शिरलो तर गल्ल्यावर बिलांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून माझा तिसरा फ्यूज ठेवलेला. मालकानं मला लगेच ओळखलं. "आ गया कप-बशीवाला! एक तेरा पार्टिशन के नीचे मिला. ले जा. पण साईं, मेरा पेपरवेट गया तो कुछ तो खरीद."

जोडीदारानं जीन्स घेतली. मी फ्यूज घेतला. त्या फोनबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पालेगावला गेलो. सोसायटीच्या दोन टॉवरांच्या मध्ये मामांचं बैठं घर, पुढे ओटा. ओट्यावर मामा एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. सोसायटीतल्या बायका त्यांच्याकडे मिक्सर, इस्त्र्या आणून देतात. चष्मा नव्हता. केसाएवढी तार ते एका भोकातून ओवत होते.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेम्पो, जीन्स, पडदा, फोन, रिक्षा. रंगवून नाही सांगितलं, तरी अधूनमधून ते विनोदी वाटत होतंच.

"कंप्रेसरमागं नव्हतास ते म्हाईत होतं," मामा म्हणाले. "तिथं तेलाचा चिखल हाय. उंदीर बसला तरी त्याची पाठ काळी होते. तुझी पँट इस्त्रीची होती. बाजारात होतास ते नव्हतं म्हाईत. मना वाटलं पोरगीबिरगी असंल."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? की पोरगा कपडे बघत होता नि मी हितं टाकी उपसली?"

"हसले असते. पण तुमचं पत्र तरी आलं असतं."

त्यांनी तार ओढली, गाठ मारली. "तुना कळत नाय अजून. त्या दिवशी हसले असते ना, तर पुढच्या वेळी घर रिकामं दिसलं की म्हणाले असते, गेला असंल पोरगा बाजारात, लाव दुसरे. नि तेव्हा खरंच कोणीतरी वर असता. तू आत होतास, झोपला होतास, म्हाताऱ्याला दिसला नाय, हे बरं पडलं. थांबवलं ते बरोबर ठरलं ना कागदावर? बघणारा आंधळा निघाला, तेवढंच."

"साहेबांना जाऊन सांगतो उद्या."

"सांगितलंस तर मी फुकट घरी बसलो." ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले. मग हात पुढे केला. "दे तो."

मी फ्यूज दिला. त्यांनी तो उन्हात धरला, फिरवला.

"वायर कोणी भरली?"

"मीच. मागच्या महिन्यात."

"जाड भरलीस. लोड आला असता तर फ्यूज राहिला असता नि मोटर गेली असती." त्यांनी ती वायर काढून टाकली, डब्यातून बारीक घेतली, दोन वेढे देऊन स्क्रू आवळला. "कंपनीचा हाय. जागेवर लाव. आधी वर कोण नाय ना, बघ."

सोमवारी मी टॉवरवर चढलो. वर कोणी नव्हतं. स्टोअरमधून आणलेला काढून हा लावला. पंखा फिरला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

परीक्षा पास झालो. त्याच कारखान्यात मला घेतलं, अजून तिथंच आहे. नवीन अप्रेंटिस आले की सेफ्टीच्या तासाला मला उभं करतात, आणि मी झोपण्याची गोष्ट सांगतो. फ्यूज खिशात, स्वारी कंप्रेसरमागं, टाकी रिकामी. घोरण्याचा आवाजही काढतो. पोरं लोळून हसतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "पण काका, तुम्ही तिथंच होता तर त्या मामांना दिसलात कसे नाही?" आणि दर वेळी मला म्हणावं लागतं, "त्यांना दिसत नव्हतं." पोरं आणखी हसतात. माझं तोंड ते वाक्य आपोआप बोलतं.

यंदा कारखान्यात नवीन पॅनेल आलं. आता फ्यूज उपटायचे नसतात. प्रत्येकाचं लाल कुलूप, त्यावर ज्याचं त्याचं नाव. मला वाटलं, मामांचा खिशाचा नियम संपला, आता खरं सांगून कोणाचं काही बिघडणार नाही. गेल्या रविवारी पालेगावला जाऊन मी त्यांना कुलपांबद्दल सांगितलं.

"चावी कोणाकडं?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं कुलूप त्याच्या खिशात."

"मग खिसा हाय तिथंच. अजून नको सांगू," मामा म्हणाले आणि इस्त्रीची वायर सोलायला लागले.

मी ऐकायला हवं होतं. ऐकलं नाही, हे लिहिलं, माझ्या चुकांत आणखी एक. एवढंच लिहून ठेवतो की मी बाजारात होतो तरी त्यांनी थांबवलं ते बरोबर होतं. हेल्मेट वर होतं, कार्ड आत होतं, घरं रिकामी होती. कोणाची नावं मी घातलेली नाहीत. हे कुठे छापलं तर एक प्रत पालेगावला नेऊन द्यायची आहे. अक्षर बारीक असलं तरी चालेल. त्यांना दिसतं.